आयटीआय वर्कशॉपची मासिक सुरक्षा तपासणी: ‘होय/नाही’च्या तक्त्याऐवजी काय लावावं? (सांगली-सातारा)

मिरजेचा जोडारी

मासिक सुरक्षा तपासणीचा दोन पानी तक्ता सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ‘ग्राइंडरचे गार्ड सुस्थितीत आहे काय? होय/नाही.’ ‘अर्थिंग योग्य आहे काय? होय/नाही.’ महिनाअखेरीला सगळ्या रकान्यांत ‘होय’ पडतं, गटनिदेशकांची (निदेशकांच्या वरिष्ठांची) सही होते, फाइल कपाटात जाते. यात कुणी मुद्दाम खोटं लिहितं असं नाही. ‘सुस्थितीत’ म्हणजे नेमकं काय हे तक्त्यात कुठंच नाही, आणि रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू सुस्थितीतच वाटते.

तक्ता नव्यानं करायचाय. अट एकच: प्रत्येक ओळीत एकतर मोजलेला आकडा, नाहीतर हातानं करून बघायची कृती. बेंच ग्राइंडरचं मी देतो, बाकीच्यांनी आपापल्या ट्रेडचं टाका.

मेन बंद, चाक पूर्ण थांबलेलं. टूल रेस्ट आणि चाक यांत जास्तीत जास्त ३ मिमी फट. वरची जीभ (ठिणग्या अडवणारी पट्टी) आणि चाक यांत जास्तीत जास्त ६ मिमी. यासाठी फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) शोधत बसू नका. ३ मिमी आणि ६ मिमी पट्टीचे दोन तुकडे घ्या, कडा घासा, भोक पाडून साखळीनं ग्राइंडरलाच अडकवा. ३ चा तुकडा रेस्टच्या फटीत ढिला फिरला की फट जास्त झाली. पहिल्या वर्षाच्या पोरांना फाइलिंगचा जॉब म्हणून हेच द्या.

फट वाढते ती कुणी बोल्ट सैल केल्यामुळं नाही. चाक झिजतं, रेस्ट जागेवरच राहते. बारीक जॉब (घासायचा तुकडा) त्या फटीत खाली ओढला जातो, अडकतो, आणि चाक फुटतं किंवा बोट आत जातं. म्हणून ही ओळ महिन्याची नको, आठवड्याची हवी. रेस्ट पुढं घ्यायची तीही चाक थांबल्यावरच.

नवं चाक बसवताना: चाकावर छापलेला कमाल आरपीएम मोटरच्या नेमप्लेटपेक्षा जास्त हवा. दोन्ही बाजूचे फ्लँज (चाक धरणाऱ्या लोखंडी चकत्या) सारख्या व्यासाचे, चाकाच्या व्यासाच्या निदान एक तृतीयांश, आणि मधे कागदी ब्लॉटर. ब्लॉटर फेकून देऊन थेट लोखंडावर आवळलं की चाकाला तिथूनच तडा जातो. बसवल्यावर बाजूला उभं राहून एक मिनिट रिकामं फिरवायचं. २०० मिमीचं चाक २८५० आरपीएमला फिरतं तेव्हा कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ ३० मीटर असतो. तुकडा उडाला तर कुणाला वाकायलाही वेळ मिळत नाही.

कातारी कुपवाड

ग्राइंडरमध्ये एक भर. रिंग टेस्ट राहिली. चाक बोटावर किंवा दांडीवर लटकवायचं, स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं उभ्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर हलकं ठोकायचं, मग चाक फिरवून परत. धड चाक खणकन वाजतं, तडकलेलं बद्द. ओलं चाकही बद्दच वाजतं, तेव्हा पावसाळ्यात स्टोअरमधून आणल्या आणल्या निकाल देऊ नका. रेझिन बाँडचं चाक मुळातच कमी खणकतं, त्याची तुलना व्हिट्रिफाइडशी (भाजलेल्या मातीच्या बाँडच्या चाकाशी) करू नका. आणि पितळ-ॲल्युमिनियम त्यावर घासू देऊ नका, चाकाची छिद्रं भरतात, मग पोरं जोर लावतात.

आता लेथ. माझ्या मते लेथच्या तपासणीत पहिल्या नंबरला एकच कृती हवी: मशीन चालू करा, मेन बंद करा, पाच सेकंदांनी मेन परत द्या. लेथ आपोआप सुरू झाला तर तो तिथल्या तिथं बंद करून टॅग लावायचा. स्टार्टरमधली नो-व्होल्ट कॉइल (लाइट गेली की स्टार्टर सोडवणारी) काम करत नाही, किंवा कुणीतरी हिरवं बटण पुठ्ठा खुपसून दाबून ठेवलंय. आपल्याकडे तासात दोनदा लाइट जाते. लाइट गेल्यावर पोरगं चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या फिरत्या तोंडात) हात घालून जॉब बघत असतं, आणि लाइट यायची काही वर्दी नसते.

चक की (चक आवळायची चावी): स्प्रिंगची घ्या. हात काढला की ती स्वतःच बाहेर उडते, चकमध्ये राहूच शकत नाही. जुन्या कीला स्प्रिंग बसवणं हा तासाभराचा जॉब आहे. तपासणीत की चकमध्ये घालून सोडून द्यायची, बाहेर आली तर पास.

इमर्जन्सी स्टॉप दाबून बघायचा, नुसता आहे का एवढं नाही. ऑपरेटर जिथं उभा राहतो तिथून कोपरानं पोचतो का तेही.

तासगावकरीण

कातारीदादा, हातमोज्यांचं तक्त्यात लिहा. आमच्याकडच्या जुन्या फॉर्मवर ‘प्रशिक्षणार्थी हातमोजे वापरतात काय?’ ही ओळ सगळ्या ट्रेडला सरसकट आहे. लेथवर आणि ड्रिलवर ‘होय’ आलं म्हणजे गुण मिळतात, आणि तिथंच हातमोजा सगळ्यात घातक.

कातारी कुपवाड

ताई, अगदी बरोबर. फिरत्या स्पिंडलजवळ मोजे नाहीत, घड्याळ नाही, कडं नाही, ओढणी नाही. राखीपौर्णिमेनंतरचा आठवडा आणि एकूणच गंडेदोरे हा आपल्याकडचा खास धोका आहे. ‘दोरा काढ’ म्हटलं की पोरगं रुसतं. काढायला लावायचं, खिशात ठेवायला सांगायचं, ड्यूटी संपल्यावर परत बांध म्हणायचं. रेशमी राखी तुटेल असं वाटतं. तुटत नाही, गुंडाळली जाते. किस (कापलेल्या धातूचे वळे) काढायला हुक आणि ब्रश, मोजे नव्हेत.

तासगावकरीण

आता वेल्डिंग शॉपचं, म्हणजे संधाता ट्रेडचं. आर्कचं पुढं लिहीन, आधी गॅस, कारण तिथं चुकीला माफी कमी.

१. ॲसिटिलिनचा कार्यदाब १ किग्रॅ/चौसेमीच्या आत, म्हणजे १५ पीएसआय. त्यावर तो गॅस ठिणगी नसतानाही फुटू शकतो. रेग्युलेटरच्या डायलवर १ च्या पुढं लाल पट्टा नसेल तर ऑइल पेंटनं रंगवा.

२. सिलिंडर उभा आणि साखळीनं बांधलेला. आत सच्छिद्र भराव आणि ॲसिटोन असतं, त्यात गॅस विरघळलेला असतो. आडवा ठेवला की ॲसिटोन रेग्युलेटरमध्ये येतं. आडवा आणून उतरवला असेल तर काही तास उभा ठेवूनच वापरायचा.

३. ॲसिटिलिनच्या जोडण्यांना डावे आटे, नटला खाच. काळा सिलिंडर ऑक्सिजनचा, मरून ॲसिटिलिनचा. हे सगळ्यांना पाठ असतं, पण होज (गॅसची रबरी नळी) बघायचा राहतो. होज फाटला की मधे तांब्याच्या नळीचा तुकडा घालून जोडणारे अजून भेटतात. ॲसिटिलिन आणि तांबं मिळून कॉपर ॲसिटिलाइड तयार होतं आणि ते धक्क्यानं फुटतं. जोडायचाच तर त्यासाठीचा जोड आणि क्लिप, बाइंडिंग वायर नव्हे. खरं तर तडा पडलेला होज बदलाच.

४. गळती दोन प्रकारे. ब्लो-पाइपचे (ज्योतीच्या हातनळीचे) वॉल्व्ह बंद, रेग्युलेटर लावून लाइनमध्ये दाब, मग सिलिंडरचे वॉल्व्ह बंद. पाच मिनिटं काटा बघा. काटा उतरला तर गळती आहे, मग साबणाच्या पाण्यानं जागा शोधा. काडी ओढून शोधणाऱ्याला शॉपबाहेर काढा.

५. ऑक्सिजनच्या जोडणीला तेल, ग्रीस, ग्रीसचा हात काहीही नको. दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला पेटवतो. आपल्याकडे डिझेल मेकॅनिकचं शॉप शेजारी असतं आणि आटा जड गेला की कुणीतरी ऑइलकॅन घेऊन हजर होतं.

६. फ्लॅशबॅक अरेस्टर (उलटी आलेली ज्योत अडवणारा) रेग्युलेटरच्या बाजूला, नॉन-रिटर्न वॉल्व्ह (गॅस मागं जाऊ न देणारा) ब्लो-पाइपच्या बाजूला, दोन्ही लाइनवर. चारही नग मोजून लिहायचे. ‘अरेस्टर आहे’ लिहिलं की बहुतेक वेळा तो एकाच लाइनवर असतो.

७. ॲसिटिलिनचा स्पिंडल एक ते दीड आट्यापेक्षा जास्त उघडायचा नाही आणि चावी वॉल्व्हवरच ठेवायची. चावी निदेशकाच्या टेबलाच्या खणात असेल तर आग लागल्यावर ती खणातच राहते.

अजिंक्यताऱ्याखाली

ताईंचा सातवा मुद्दा साताऱ्यात आमच्या तक्त्यात ‘चावी वॉल्व्हवर आहे का, हात लावून बघा’ असा घेतला. एक शंका: ग्रिल वेल्डिंगला येणाऱ्या जीआय (झिंकचा थर दिलेल्या) पाइपचं काय करता?

तासगावकरीण

वेल्डिंगच्या जागेवरचा झिंकचा थर आधी घासून काढायचा, आणि एक्झॉस्ट चालू. झिंकच्या धुरानं संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, सकाळी उतरतो. पोरगं समजतं पावसात भिजलो. एक्झॉस्ट छतातला असेल तर धूर आधी तोंडासमोरून जातो आणि मग वर. शोषण जॉबच्या बाजूनं हवं.

आर्कचं थोडक्यात. होल्डरचं इन्सुलेशन पूर्ण, केबलला उघडे जोड नाहीत, रिटर्न क्लॅम्प जॉबला, शेडच्या खांबाला नाही. ट्रान्सफॉर्मरचा ओपन सर्किट व्होल्टेज ८० च्या आसपास असतो. कोरड्या बुटात काही होत नाही, जुलैत ओल्या फरशीवर घामेजल्या हातानं इलेक्ट्रोड बदलताना होतं. आर्कला काच १० किंवा ११ नंबर, गॅसला ५. आर्क चालू असताना गॅसचा गॉगल लावलेलं पोरगं दिसलं तर थांबवा.

वायरमन कवठेमहांकाळ

अर्थिंगवर लिहितो, कारण ‘अर्थिंग योग्य आहे काय: होय’ हे सगळ्यात फसवं ‘होय’ आहे.

सप्लाय बंद करून अर्थिंगच्या खड्ड्याची (त्यात पुरलेल्या पाइपची) पट्टी वर्कशॉपच्या अर्थच्या जाळ्यापासून सोडवायची. सप्लाय चालू असताना हे कधीच करायचं नाही. न सोडवता मोजलं तर सगळे खड्डे समांतर मोजले जातात आणि मेलेला खड्डाही चांगला दिसतो. अर्थ मेगरचा (अर्थिंगचा रोध मोजायच्या यंत्राचा) करंट स्पाइक (जमिनीत ठोकायची सळई) ३० मीटरवर, पोटेन्शियल स्पाइक ६२ टक्क्यांवर म्हणजे साधारण साडेअठरा मीटरवर. मग तो स्पाइक तीन मीटर पुढं आणि तीन मीटर मागं ठोकून परत मोजा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर मोजणी खरी. तफावत असेल तर करंट स्पाइक आणखी लांब न्या. तिन्ही आकडे लिहा, एक नाही.

मोजायचं कधी? मे महिन्यात. कृष्णाकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपपासून सुटते. ऑगस्टमध्ये २ ओहम दाखवणारा खड्डा मेमध्ये वेगळाच आकडा देतो. आणि मोजायच्या आदल्या दिवशी खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतायची जी प्रथा आहे ती बंद करा. पाणी रोजच्या देखभालीत ओता, मोजणीसाठी नको.

आता मुख्य गोष्ट. समजा खड्डा ५ ओहमचा, सगळे म्हणतील छान आहे. लेथच्या बॉडीला फेज लागला. २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपिअर. मागं ३२ अँपिअरची सी-कर्व्ह एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच). ती लगेच पडायला पाच ते दहा पट, म्हणजे १६० ते ३२० अँपिअर लागतात. ४६ अँपिअरवर ती तासभरही टिकू शकते, आणि तेवढा वेळ लेथची बॉडी जिवंत. म्हणजे नुसत्या चांगल्या खड्ड्यानं माणूस वाचत नाही. प्रत्येक बेंचच्या सॉकेटला आणि हातातल्या मशीनला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) हवीच.

तिचं टेस्ट बटण महिन्याला दाबा. पण ते बटण फक्त आरसीसीबी पडते का एवढंच सांगतं, अर्थची वायर तुटलेली असली तरी ती पडतेच. म्हणून वेगळी ओळ: सॉकेटच्या अर्थ पिनपासून अर्थ बारपर्यंत कंटिन्युइटी (वायर सलग आहे का). थ्री-फेज मशीनच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ वायरी, दोन वेगळ्या बोल्टवर. एकाच बोल्टवर दोन लग घालून ‘डबल अर्थ’ म्हणू नका.

पॅनेलसमोरचं विजेपासून वाचवणारं मॅट आयएस १५६५२ (भारतीय मानक) छापलेलं बघा. ३.३ केव्हीपर्यंतचा क्लास ए, जाडी २ मिमी. कुठूनही आणलेली रबरी पट्टी त्या जागी टाकलेली असते.

अजिंक्यताऱ्याखाली

आमच्याकडे उलटी अडचण. वर माती दीड फूट, खाली मुरूम आणि मग काळा पाषाण. अडीच मीटरचा पाइप जातच नाही. तोडून अर्धा पुरला की आकडा येत नाही. दोन-तीन खड्डे समांतर जोडा, पण दोन खड्ड्यांमधलं अंतर पाइपच्या लांबीच्या दुप्पट ठेवा, म्हणजे पाच मीटर. शेजारी-शेजारी घेतले तर खर्च तिप्पट आणि फायदा जेमतेम.

नवा निदेशक

सर, एक मूलभूत प्रश्न. आम्हाला फॅक्टरी ॲक्ट लागू होतो का? आणि आमच्याकडे धोक्याचं मूल्यांकन ५ गुणिले ५ च्या तक्त्यात करायला सांगितलंय, शक्यता गुणिले गांभीर्य. ते कसं भरायचं?

मिरजेचा जोडारी

१९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ८६ होतं: शिक्षण, प्रशिक्षण, संशोधनासाठी चालवलेल्या सार्वजनिक संस्थेच्या वर्कशॉपला राज्य सरकार अटी घालून सूट देऊ शकतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली आणि तिनं त्या कायद्याची जागा घेतली. लागू आहे की नाही हा वाद प्राचार्यांच्या टेबलावर ठेवा. ३ मिमीची फट दोन्हीकडे ३ मिमीच असते. आगीचं मात्र वेगळं: महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, फॉर्म बी. ते फाइलला आहे का बघा.

५ गुणिले ५ बद्दल माझं मत स्पष्ट आहे. रेस्टची फट ८ मिमी झाली. शक्यता ३, गांभीर्य ४, गुण १२, ‘मध्यम धोका’, तीस दिवसांची मुदत. अहो, १७ च्या पान्यानं दोन मिनिटांत होणारं काम आहे ते! माझा नियम असा: जे आज पान्यानं, स्क्रूड्रायव्हरनं किंवा साखळीनं दुरुस्त होतं त्याला गुण द्यायचेच नाहीत, करून टाकायचं. गुण लावायचे ते पैसे, मंजुरी, खरेदी लागणाऱ्या गोष्टींना. तिथं त्यांचा उपयोग आहे, मागणीपत्राला जोडता येतात.

कातारी कुपवाड

खरी पंचाईत तिथंच आहे. बंद पडलेलं, गार्ड नसलेलं मशीन डेडस्टॉक रजिस्टरला (संस्थेच्या सामानाच्या नोंदवहीत) असतं. निर्लेखन (नोंदीतून अधिकृतपणे कमी करणं) होईपर्यंत हलवता येत नाही, आणि निर्लेखनाला वर्षं जातात. तोवर ते शॉपमध्ये उभं, वायर जोडलेली. उपाय: फ्यूज काढा, मोटर टर्मिनलच्या वायरी सोडून टोकं झाका, आयसोलेटरला कुलूप, चावी गटनिदेशकांकडे, मशीनवर लाल टॅग. ‘वापरू नये’ एवढ्या पाटीनं काही होत नाही, पोरं तिच्यावर शर्ट टांगतात.

तासगावकरीण

तपासणी कुणी करायची हेही ठरवा. आपल्या शॉपचं आपण बघायचं नाही. वीजतंत्रीच्या सरांनी वेल्डिंग शॉप, आम्ही कातारी (लेथचं) शॉप, अशी अदलाबदल. दुसऱ्या ट्रेडच्या माणसाला ‘हे असंच असतं’ हे माहीत नसतं, तो विचारतो. अडचण एकच: स्वतःच्या मशीनवर कुणी बोट ठेवलं की माणसं दुखावतात. म्हणून पहिले दोन महिने निरीक्षणाच्या प्रती प्राचार्यांकडे न देता शॉपमध्येच ठेवा.

रजिस्टरचे रकाने: वस्तू, मोजलेला आकडा, चालू की बंद, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, दुरुस्तीनंतरचा आकडा. शेवटचा रकाना नसेल तर ‘दुरुस्ती केली’ एवढंच लिहून विषय संपतो.

वायरमन कवठेमहांकाळ

अग्निशामकांसाठी: पावडरचा असेल तर काटा हिरव्यात, पिन-सील शाबूत, उलटा-सुलटा करून आतली पावडर हलते का बघा, महिनोन् महिने टांगून ती तळाला घट्ट बसते. सीओटूला काटा नसतो, वजन करावं लागतं. गॅसचं वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं की रिफिल. वजनकाट्यासाठी धावपळ नको, मेसच्या धान्याचा काटा चालतो.

नवा निदेशक

आमची संस्था सांगलीत खालच्या भागात आहे. पुराचं तक्त्यात कसं घ्यावं?

मिरजेचा जोडारी

वेगळं पान करा आणि ते कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीला बांधा. इशारा ४० फूट, धोका ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हा ४५ नंतर विचार करू म्हणणाऱ्याला वेळ मिळत नाही. ४० ला कृती सुरू: सुटी हत्यारं, पोर्टेबल मशीन, ग्राइंडिंग चाकं, इलेक्ट्रोडची पाकिटं वरच्या मजल्यावर. गॅस सिलिंडर पुरवठादाराकडे परत. ते जमलं नाही तर वॉल्व्ह बंद, टोपी घालून, दोन साखळ्यांनी बांधलेले. रिकामा एलपीजी सिलिंडर तरंगतो आणि वॉल्व्हवर आपटतो. मेन स्विच बंद करायचा तो पाणी पायरीला लागायच्या आधी.

पाणी उतरल्यावर: बुडालेल्या एमसीबी, आरसीसीबी, कॉन्टॅक्टर टाकून द्या, वाळवून वापरू नका, आत गाळ राहतो. भिजलेली चाकं आणि इलेक्ट्रोडही टाका. मोटर उघडा, गोड्या पाण्यानं गाळ धुवा, बेअरिंग बदला, मग बल्ब किंवा ब्लोअरनं वाळवा. वाइंडिंग ९० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. दर तासाला ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रानं) एक मिनिट धरून रीडिंग घ्या. सुरुवातीला आकडा खाली येतो, घाबरू नका, ओल आतून सुटत असते. मग चढतो. तीन-चार तास एकसारखा राहिला आणि २ मेगओहमच्या वर असला तरच सप्लाय द्या.

कातारी कुपवाड

एक दुरुस्ती. मेगर लावायच्या आधी मोटर ड्राइव्हपासून (मोटरचा वेग ठरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीपासून) सोडवा. सीएनसी ट्रेनर (शिकवायचं संगणकी मशीन) किंवा व्हीएफडी (असाच ड्राइव्ह) जोडलेला असताना ५०० व्होल्ट सोडले तर मोटर वाचेल आणि ड्राइव्ह जाईल. तक्त्यात ‘मेगर टेस्ट’च्या वरच्याच ओळीत लिहा: टर्मिनल सोडवले, सही.